मारुतीचा वारू करण्याची सोपी कृती

ज्यांना देवाने घोडा दिला नाही, पण एमएच-२१ पाटीची जुनी मारुती ८०० दिली, अशा जालना जिल्ह्यातील होतकरूंसाठी ही मार्गदर्शिका आहे. आधी ती पूर्ण वाचावी, मग पाना हातात घ्यावा. प्रस्तुत लेखकाने हे उलट क्रमाने केले. त्याचे परिणाम शेवटी दिले आहेत.

साहित्य : एक मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली. इंजिन ७९६ सीसी, सिलिंडर तीन, वजन सुमारे ६५० किलो, ताकद ३७ अश्वशक्ती (कागदावर). एक मिस्त्री. एक भाचा, ज्याच्या मोबाइलमध्ये शर्यतींचे व्हिडिओ आहेत. दहा-बाराचा पाना. घरी न सांगितलेले थोडे पैसे.

पायरी पहिली : ट्रॅक शोधणे

गाडी ट्रॅकसाठी तयार करायची, तर ट्रॅक कुठे आहे हे आधी पाहावे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला आहे. कोइमतूरला करी मोटर स्पीडवे आहे. ग्रेटर नोएडात २०११ साली बुद्ध सर्किट झाले. अंबड चौफुलीवरून यांपैकी कुठेही काळीपिवळी जात नाही. आठशे स्वतःच्या चाकांवर निघाली, तर तिची शर्यत ट्रॅक येण्याआधीच संपते. म्हणून तिला आयशरमध्ये चढवावे लागते, आणि आयशरमध्ये चढवलेल्या गाडीचा वेग आयशरएवढाच असतो.

मग माणसाचे डोळे आपोआप निधोन्याकडे, म्हणजे समृद्धी महामार्गाकडे वळतात. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला, तेव्हापासून जिल्ह्यात हा आजार बळावला आहे. आपल्या वाट्याला या रस्त्याचे सुमारे ४२ किलोमीटर येतात. वेगमर्यादा १२०. आता हिशेब करावा : १२०ने गेलो तर जिल्हा २१ मिनिटांत संपतो, ९०ने गेलो तर २८. सगळा खटाटोप सात मिनिटांचा. ती वाचवून माणूस गावात येतो आणि नव्या मोंढ्यापाशी मोसंबीच्या टेम्पोमागे पंधरा मिनिटे उभा राहतो. शिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली, तर मोटार वाहन कायद्याचे कलम १८९ आपली वाट पाहत असते. ते कधी पंक्चर होत नाही.

पायरी दुसरी : गाडीला मोकळा श्वास

भाच्याच्या म्हणण्याप्रमाणे कंपनीचा एअर फिल्टर हा इंजिनाच्या नाकाला लावलेला चिमटा आहे. तो काढून शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवावा. बॉनेट उघडल्यावर तो फार शोभतो. अडचण एवढीच, की तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो आणि तापलेली हवा पातळ असते. २० अंशांच्या हवेच्या तुलनेत वैशाखातल्या ४२ अंशांच्या हवेत सुमारे ७ टक्के कमी दम असतो; बॉनेटखाली ती ६०वर गेली, तर तूट १२ टक्क्यांची. म्हणजे पैसे देऊन दम घालवला. याउलट पौषातल्या पहाटे गाडी काढली, तर ताकद फुकट वाढते. फक्त त्या वेळी ती चालू होत नाही.

शिवाय आपल्याकडची हवा म्हणजे निव्वळ हवा नव्हे. तिच्यात काळ्या मातीचा फुफाटा असतो, जिनिंगजवळ कापसाचे तूस असते. हे सगळे उघड्या फिल्टरमधून सिलिंडरमध्ये उतरले, की पिस्टनच्या रिंगांना पॉलिश पेपर लावल्यासारखे होते.

हा फिल्टर घेऊन मी मिस्त्रीकडे गेलो. त्याने तो हातात फिरवून पाहिला आणि स्टुलावर ठेवला. मग तिन्ही प्लग काढून कॉम्प्रेशनचे घड्याळ लावले, मला स्टार्टर मारायला सांगितला. दोन सिलिंडर ठीक निघाले, तिसऱ्याचा काटा अर्ध्यावर येऊन बसला. मिस्त्री फडक्याला हात पुसत म्हणाला, “भाऊ, हिचे सदतीस घोडे आहेत ना, ते आधी समदे कामावर येतेत का ते पाहू. मंग अडतिसाव्याचं बोलू.”

हा सल्ला मार्गदर्शिकेच्या विषयाबाहेरचा असल्याने येथे त्याचा विस्तार केलेला नाही.

पायरी तिसरी : आवाज

वेग वाढला नाही तरी वाढल्याचे गावाला कळले पाहिजे. त्यासाठी सायलेन्सर काढून मोकळा पाइप लावावा. तीन सिलिंडरच्या गाडीला मोकळा पाइप लावला, की ती डांगराच्या मळ्यातल्या डिझेल पंपासारखी बोलते. गल्लीतली म्हातारी माणसे “लाइट गेली का?” म्हणून बाहेर येतात.

कायद्याची बाजूही समजून घ्यावी. नोंदणीच्या वेळी कंपनीने दिलेल्या तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा बदल कलम ५२ला चालत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आले. त्यात मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, आणि तेही दर बदलामागे. भाजीवाल्यासारखा नगावर हिशेब आहे. सात बदल केले, तर पस्तीस हजार. एवढ्यात आणखी एक आठशे येते. आवाजी सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली घालतात, तो समारंभही अनेक शहरांत झालेला आहे. रोलरचा वेग पाहून भाच्याने नाक मुरडले होते.

पायरी चौथी : गाडी जमिनीला टेकवणे

खाली बसलेली गाडी वळणावर कमी झुकते, हे खरे आहे. त्यासाठी स्प्रिंगा कापून घ्याव्यात, असे भाचा म्हणाला. पण वळणावर जाण्याआधी गतिरोधक लागतो. आपल्याकडे गतिरोधक सरकारी मापाचा असतो, किंवा मग ज्याच्या दारासमोर आहे त्याच्या रागाच्या मापाचा. राजूरच्या वाटेवर अशाच एका रागावर माझी गाडी मधोमध टेकली. चारही चाके आपापल्या जागी, आणि मध्ये इंजिनाचे तेलाचे भांडे डांबरावर घासत गेले. दोन पोरांनी मागून उचलून पलीकडे काढली. एक म्हणाला, “काका, हिला चाकं कशाला ठेवली?”

पायरी पाचवी : ब्रेक (ही पायरी चुकून उपयोगी आहे)

पळायचे नंतर पाहू, थांबायचे आधी. ब्रेक ऑइल हवेतले पाणी पिते. डॉट ३ जातीचे नवे तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी प्यायल्यावर हाच आकडा १४० अंशांवर येऊ शकतो. उकळले की त्यात बुडबुडे होतात आणि पेडल रिकाम्या पिशवीसारखे खाली जाते. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावे. टायरमधली हवाही गार असताना मोजावी. हवा कमी असली, की टायरची बाजू सतत दुमडते, तापते आणि लांब सरळ रस्त्यावर फुटते. या दोन कामांना थोडकेच पैसे लागतात आणि गाडीत काही बदलल्याचे कुणालाही दिसत नाही. त्यामुळे ती सहसा केली जात नाहीत.

पायरी सहावी : वजन उतरवणे

ही सर्वांत शास्त्रशुद्ध पायरी आहे. ६५० किलोची गाडी, त्यात आई, बायको, दोन मेहुणे आणि चालक, सरासरी ६५ किलो धरून, एकूण ९७५. चालक एकटा असेल तर ७१५. म्हणजे चार माणसे उतरवली, की त्याच इंजिनाला ३६ टक्के जादा ताकद दिल्यासारखे होते. सदतीस घोड्यांचे पन्नास झाले, आणि कलम १८२अ यात कुठेही येत नाही. हे मी घरी पटवून सांगितले. घरात दोन दिवस शांतता होती.

मग मागची सीट काढली. स्टेपनीची पट्टी, जुना बंपर, डिकीतले सटरफटर लोखंड भंगारवाल्याने काट्यावर घातले. जालन्यात लोखंड वाया जात नाही. इथल्या भट्ट्यांत भंगार वितळते आणि रोलिंग मिलमधून सळई होऊन निघते. सीट मात्र आईने ठेवून घेतली. ओसरीवर मांडली आणि तिच्यावर बसून ती तुरीची डाळ निवडू लागली.

अंगारकीच्या पहाटे मी उठलो, तर आई नऊवारी नेसून, नारळाची पिशवी मांडीवर घेऊन त्याच सीटवर बसलेली.

“राजूरला जायचंय ना? मी तर बसले. आता गाडी आण.”

सीट घेऊन मिस्त्रीकडे गेलो. तो काही बोलला नाही. त्याने सीट जागेवर ठेवली आणि हात पुढे केला : चार बोल्ट. माझ्याकडे तीनच निघाले. चौथा भंगारात गेला होता. एव्हाना तो कुणाच्या तरी स्लॅबमध्ये असेल.