हस्ताच्या पावसाचा बॅटर

आमच्या म्हसवडात चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही जन्मतारीख विचारा, निम्मं गाव एक जून सांगेल. पोरगं शाळेत घालायला आणलं की गुरुजी त्याचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोचतो का ते बघायचे. पोचला की पहिलीत. तारीख? लिहा एक जून. पुढं भारतीय क्रिकेट नियामक मंडळ चौदा, सोळा, एकोणीस आणि तेवीस वर्षांखालच्या चाळण्या लावून बसणार आहे, आणि कान सापडायला उशीर झालेलं पोरगं पहिल्या चाळणीतच गळणार आहे, हे त्या बिचाऱ्या गुरुजींना काय ठाऊक!

त्यामुळं आमच्या संघात प्रत्येकाला तीन वयं आहेत. एक दाखल्यावरचं, दुसरं आईच्या हिशेबाचं आणि तिसरं गुडघ्याचं. आईचा हिशेब ‘तू दुष्काळात झालास’ इथं सुरू होतो आणि तिथंच संपतो. माणदेशात एवढ्या पुराव्यावर साल काढणं म्हणजे आषाढीला पंढरपुरात बुक्का लावलेला माणूस हुडकण्यासारखं आहे.

हा विषय निघाला आमच्या सलामीच्या बॅटरवरून. गडी दूध संकलन केंद्रावर फॅट लावतो. दाखल्यानं अडतीस, गुडघ्यानं पंचावन्न. तेहतिसाव्या वर्षापर्यंत तो अकराव्या नंबरला जायचा आणि दोन बॉलांत परत यायचा. मग गावात डोळे तपासणीचं मोफत शिबिर झालं. नेलं होतं आईला, पण हा शेजारी उभा राहून वरची ओळ चुकीची वाचून दाखवायला लागला, तेव्हा डॉक्टरांनी आधी यालाच खुर्चीत बसवलं. चष्मा लागला. पुढच्याच रविवारी माणगंगेच्या कोरड्या पात्रात त्यानं सहा सिक्स ठोकले. माइकवाला प्रत्येक सिक्सला ‘सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं’ म्हणत होता. डाव संपवून आला आणि टॉवेलनं चष्मा पुसत विचारतो कसा, “आरं, बॉलवर कंपनीचं नाव छापल्यालं असतंय व्हय?”

तेव्हापासून पाच वर्षं हा तालुक्यातला एकही चषक सोडत नाही. चषक म्हणजे अर्थातच कुणाच्या तरी वाढदिवसानिमित्त. यंदा फायनलला फ्लेक्सवर ‘युवा नेते’ होते, मंडपातही युवा नेतेच होते, आणि त्यांच्या शुभहस्ते आमच्या गड्याचा ‘ज्येष्ठ खेळाडू’ म्हणून शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. नेते त्रेपन्न वर्षांचे. वाढदिवस कुणाचा होता ते सांगत नाही, तारीख एक जून होती.

सत्कारानंतर चहाच्या गाड्यावर मास्तरांनी प्रश्न टाकला, “ह्याला वर का पाठवत नाहीत?”

वर पाठवण्याच्या बाबतीत आपल्या मुलखाची परंपरा थोर आहे. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर. डिसेंबर १९४८, पुण्याचं मैदान, समोर काठेवाड. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा, त्यात निंबाळकरांच्या नाबाद ४४३. त्याच आठवड्यात त्यांना एकोणतीस पूर्ण झालेली. ब्रॅडमनचा १९३० सालचा नाबाद ४५२ चा विक्रम गाठायला नऊ धावा कमी होत्या. इतक्यात राजकोटच्या ठाकूरसाहेबांचा काठेवाड संघ सामना सोडून मोकळा झाला. हरलो म्हणून रण सोडणारे राजे इतिहासात पुष्कळ आहेत. समोरच्याचा विक्रम होईल म्हणून सोडणारे विरळाच. बरं, त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडीजचा संघ भारतात पाच कसोटी खेळत होता. म्हणजे निवड समितीला बॅटर शोधायला विलायतेला जायचं नव्हतं, पुण्याचा पेपर उघडला असता तरी भागलं असतं. निंबाळकरांना एकही कसोटी मिळाली नाही. रणजीतला तो सर्वोच्च डाव अजून त्यांच्याच नावावर आहे. ११ डिसेंबर २०१२ रोजी ते गेले. त्र्याण्णव पूर्ण व्हायला एक दिवस कमी होता. माणसाचं नशीबही काठेवाडकडून खेळत असावं.

मास्तर म्हणाले, “जुन्या काळातलं सोडा हो.” बरं, सोडलं. अमोल मुझुमदार. १९८८ साली आझाद मैदानावर तेंडुलकर आणि कांबळी ६६४ धावांची भागी करत होते, तेव्हा पुढचा बॅटर म्हणून पॅड बांधून बसलेला शारदाश्रमाचा मुलगा हाच. ते पॅड पुढं वीस वर्षं सुटले नाहीत. रणजी पदार्पणातच हरयाणाविरुद्ध २६०, प्रथम श्रेणीत एकूण ११,१६७ धावा, आणि भारताची टोपी शून्य. आपल्याकडं ज्याला खेळायला बोलावत नाहीत त्याला शिकवायला बोलावतात. मुझुमदार महिला संघाचे प्रशिक्षक झाले आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत वर्ल्ड कप आला. आता सगळे म्हणतात, काय डोकं आहे हो माणसाला! हे डोकं हेल्मेटात होतं तेव्हा कुणाला दिसलं नाही.

हा रोग आपल्यापुरताच आहे असंही नाही. अमेरिकेत बेसबॉल खेळतात. तिथं मुख्य लीगच्या खाली पायऱ्यापायऱ्यांच्या धाकट्या लीग असतात, आणि तिथल्या जाणकारांचा आवडता वाद हाच, की सत्तावीस-अठ्ठावीसचा गडी खालच्या लीगमध्ये विशीतल्या पोरांना झोडपतोय, तर त्याला वर घ्यायचं की नाही. माईक हेसमन नावाच्या माणसानं त्या धाकट्या लीगांत ४३३ होमरन मारले, तो तिथला विक्रम आहे. वरच्या लीगमध्ये त्याच्या नावावर चौदा. आमचे ४४३, त्यांचे ४३३. दहाचाच फरक, दुःख सारखंच.

गाड्यावर आबा बसले होते. आबांना क्रिकेटमधलं फक्त ‘चहापान’ कळतं. ते म्हणाले, “मृग कोरडा गेला म्हणून रान इकत्यात काय रं?”

इथं बाहेरच्या वाचकांसाठी थोडं थांबतो. आमचा माण तालुका पर्जन्यछायेतला. महाबळेश्वरला ढग रिकामे होतात आणि आमच्याकडं त्यांची नुसती सावली येते. मृगाचा पाऊस ही आम्ही पंचांगात वाचायची गोष्ट. खरी मदार परतीच्या पावसावर, उत्तरा आणि हस्तावर. सप्टेंबर सरताना हस्त पडला की पाभर बाहेर निघते, शाळू पेरला जातो आणि वर्षाची भाकरी ठरते. आजवर एकाही शेतकऱ्यानं हस्ताच्या पावसाला ‘तुमचं वय झालं, एकोणीस वर्षांखालच्या नक्षत्रात आला असता तर विचार केला असता’ असं सांगून परत पाठवल्याचं ऐकिवात नाही.

आबांच्या या वाक्यावर मास्तर खूश झाले आणि उशिरा येणाऱ्या प्रत्येकाला संधी द्यावी असा ठराव मांडायला लागले. तिथं मी अडवलं. कारण आमच्याकडं उशिरा येतो तो प्रत्येक पाऊस हस्ताचा नसतो, अवकाळीही असतो. तो डाळिंबाची फुलं झाडून जातो.

क्रिकेटमध्येही अवकाळी पडतो. २०१८-१९ च्या हंगामात रणजीत एकदम नऊ नवे संघ आले आणि त्यांचा वेगळा प्लेट गट झाला. त्या साली देशात सर्वाधिक धावा, १,३३१, सिक्कीमकडून मिलिंद कुमारनं केल्या. पुढच्या साली अरुणाचलकडून राहुल दलालनं १,३४०. धावा खऱ्या, कष्ट खरे. पण समोरची गोलंदाजी कसली, हे विचारायलाच हवं. निवड समितीनं कान हलवले नाहीत, यात मला तरी पाप दिसत नाही. गंमत पुढंच आहे. मिलिंद कुमार गेला अमेरिकेला, त्याच बेसबॉलच्या देशात, आणि २०२४ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपला त्यांच्याकडून खेळला. त्याच संघात आपला मुंबईचा सौरभ नेत्रावळकर होता, दिवसा सॉफ्टवेअर, बाकी वेळ डावखुरी गोलंदाजी. त्यानं पाकिस्तानविरुद्ध सुपर ओव्हर टाकून सामना काढला, आणि पुढं भारताविरुद्ध कोहलीला पहिल्याच चेंडूवर घरी पाठवून रोहितलाही काढलं. आपण चाळून टाकलेला कोंडा त्यांनी पेरला आणि उगवला की!

मग हस्त कुठला आणि अवकाळी कुठला, हे ओळखायचं कसं? ढगाकडं बघून नाही, रानाकडं बघून. उशिरा बहरलेल्या बॅटरला एकच विचारावं, बाबा, बदललं काय? आमच्या गड्याकडं उत्तर आहे, चष्मा. केदार जाधवनं २०१३-१४ च्या रणजीत १,२२३ धावा केल्या त्या महाराष्ट्राकडून. एकोणतिसाव्या वर्षी टोपी मिळाली, आणि जानेवारी २०१७ मध्ये गहुंजेला इंग्लंडविरुद्ध ४ बाद ६३ वरून त्यानं १२० ठोकले. सूर्यकुमार यादव दहा वर्षं मुंबईकडून घासून तिशीत भारताकडून आला. खेळलेला पहिला चेंडू जोफ्रा आर्चरचा, तो सीमेपार. अ‍ॅडम व्होजेस ऑस्ट्रेलियाकडून पस्तिसाव्या वर्षी पहिली कसोटी खेळला, त्यातच नाबाद १३० केल्या आणि निवृत्त झाला तेव्हा सरासरी ६१.८७ होती. आणि आपला प्रवीण तांबे! रणजीचा एक सामना न खेळता, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी थेट आयपीएलमध्ये. तो बॅटर नव्हे, लेगस्पिनर. पण एकेचाळीस म्हणजे एकेचाळीसच. भारतानं पूर्वी या वयाला कसोटीही दिलेली आहे. १९३३ साली बॉम्बे जिमखान्यावर रुस्तमजी जमशेदजी एकेचाळीस वर्षांचे होते. तेव्हा बहुधा चाळण्या विकत आणलेल्या नव्हत्या.

आणि संधी म्हणजे तरी काय? करुण नायरचंच बघा. कसोटीत त्रिशतक केलेला माणूस, बाहेर फेकला गेला, विदर्भात आला, २०२४-२५ च्या रणजीत ८६३ धावा करून विदर्भाला करंडक मिळवून दिला. मग तेहतिसाव्या वर्षी इंग्लंडला चार कसोटी दिल्या. एक अर्धशतक झालं, लगेच बाहेर. विशीतल्या पोराला चार कसोटीनंतर म्हणतात, शिकतोय. तेहतिशीतल्याला म्हणतात, संपला. पेरून चौथ्या दिवशी रान उकरून बघणाऱ्याला आमच्याकडं शेतकरी म्हणत नाहीत.

मास्तरांनी शेवटी थेट विचारलं, “म्हणजे आपल्या फॅटवाल्याला रणजीत घ्यावं का नाही?”

घेऊ नये. दुसरी धाव काढताना तो मधेच थांबून कंबर धरतो, चामडी बॉल त्यानं दुकानाच्या काचेतून पाहिलाय आणि सहा ओव्हरींच्या पलीकडं त्याला सकाळच्या दुधाची आठवण येते. पण त्याचा चष्मा पंधराव्या वर्षी लागला असता तर काय झालं असतं, हा हिशेब मला कुणी मांडून द्यावा. चाळणी लावणारे चौदाव्या वर्षीच हजर असतात, डोळे तपासणारे तेहतिसाव्या वर्षी येतात, तेही आईसाठी. वर गाळ म्हणून जे सांगतात त्यातला किती गाळ आहे आणि किती जणांना नुसता बॉल दिसत नव्हता, हे कुठल्या समितीनं मोजलंय?

तेव्हा निवड समितीच्या मंडळींना म्हसवडकरांतर्फे विनंती. दाखले मागू नका, सगळ्यांवर एक जूनच निघेल. कधी तरी या, पोरं बघा, तिशीतलीही बघा. फक्त जूनमध्ये येऊ नका, तेव्हा नदीत धूळ असते. हस्तानंतर, रथाच्या यात्रेच्या आधी या. चहा आमच्याकडून. प्यायचं पाणी तेवढं येताना घेऊन या.