लग्नाची वेबसाइट आणि आहेराची वही

"ऐकलंस का गं?" भिंतीपलीकडून काकूंचा असा आवाज आला की समजायचं, गॅसवरचं दूध आज उतू जाणार. "जावई म्हणायलेत, पत्रिका कशाला छापता, वेबसाइट काढू. अन् तिच्यात म्हणे आहेराची यादी टाकायची! आपणच सांगायचं लोकायला, आम्हाला मिक्सर द्या म्हणून. काय म्हणावं याला?"

जावई म्हणजे होणारे. टेक्सासात नोकरीला. पोरगी पुण्यात, लग्न हिंगोलीत. पाहुणे सेनगाव, कळमनुरी, वसमत, औंढा इथपासून थेट ह्यूस्टनपर्यंत. एवढ्या पसाऱ्याला मुहूर्त, कार्यालयाचा नकाशा, हळद किती वाजता, कोण येणार, असं सगळं एका पानावर असलेलं बरं, हे मी सांगून पाहिलं.

"येणार का नाही, हे आधी कोण कळवतंय बाई हिंगोलीत? पाचशेचा अंदाज धरायचा अन् सातशेचा स्वयंपाक करायचा. त्याला कामून वेबसाइट?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण यादीचा राग जावयावर काढण्यात अर्थ नव्हता. तिकडे ती रीत शंभर वर्षांची आहे. १९२४ साली शिकागोतल्या मार्शल फील्ड्स नावाच्या मोठ्या दुकानानं ती सुरू केली. नवरीनं दुकानात जाऊन कोणती ताटं, कोणत्या वाट्या हव्यात ते लिहून ठेवायचं, पाहुण्यांनी तिथूनच घ्यायचं, घेतलं ते यादीतून कमी व्हायचं. म्हणजे दोघांकडून एकच वस्तू यायची नाही.

काकू थोड्या नरमल्या. "हे मात्र बरंय. माझ्या लग्नातले स्टीलचे डबे अजून माळ्यावर हाएत. प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं, म्हणजे दुसऱ्याला देताबी येईना."

मग आम्ही जावयानं पाठवलेली वेबसाइटवाल्यांची नावं बघायला बसलो. म्हणजे मी मोबाइल घेऊन इकडे, काकू हळकुंडं निवडत तिकडे. झोला ही न्यूयॉर्कची कंपनी, २०१३ सालची. द नॉट त्याहून जुनी, १९९६ ची. दोन्ही दिसायला देखण्या, पान फुकट. पण रोख आहेर घ्यायचा तर अमेरिकेतल्या बँकेत खातं लागतं, वस्तूंच्या किमती डॉलरात. सेनगावच्या मामांनी करायचं काय? पेपालवरून पैसे द्यावेत म्हटलं, तर पेपालनं १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे देणं-घेणं बंद केलंय. आपल्याकडची वेडमीगुड २०१४ ची, पण तिचा मुख्य धंदा हॉल, फोटोवाले, मेकअपवाले शोधून देण्याचा. शिवाय अशा ठिकाणची नक्षीदार अक्षरं इंग्रजीला शोभतात, मराठी टाकलं की साधी होतात, कधी कधी काना-मात्रा भलतीकडेच.

"आणि हळदीचं पाकीटबी ऑनलाइन मिळतंय म्हणे, पोरगी दाखवायली मला," काकू म्हणाल्या. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, काकूंच्या माहेरी त्याच हळदीची पोती लागलेली असतात, आणि नवरीला लावायला पुड्या मागवायच्या! यावर आम्ही दोघी जे हसलो, ते समोरच्या गल्लीत ऐकू गेलं असेल.

पैशाचा प्रश्न मात्र सोपा निघाला. मदुरैच्या एका घरानं २०२१ च्या जानेवारीत पत्रिकेवरच गूगल पे, फोन पेचा क्यूआर कोड छापला होता. पेपरात गाजलं होतं ते.

"पत्रिकेवर? म्हणजे जेवायला या, अन् आधी पैसे टाका! नाही बाई. मंडपात टेबलावर ठेवू. ज्याला जमंल तो करील."

आणि त्या टेबलावर वही. वही काकूंच्या लेखी मोडता येणारी गोष्टच नाही. कोणी ५०१ लिहिले, कोणी साडी, कोणी पातेलं. देणाऱ्याच्या घरी लग्न निघालं की आधी ही वही काढायची आणि त्याहून थोडं चढतं न्यायचं. अमेरिकेची यादी लग्नाआधी लागते आणि लग्न झालं की तिचं काम संपतं. काकूंच्या वहीचं काम लग्नानंतर सुरू होतं, आणि पंचवीस वर्षं चालतं. हा फरक जावयाला समजावून सांगायची जबाबदारी अर्थातच माझ्यावर आली.

गंमत म्हणजे यादी आपल्या कायद्यातही आहे. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा. त्याखाली १९८५ साली नियम झाले, की नवरीला आणि नवऱ्याला मिळालेल्या भेटींची लेखी यादी ठेवायची: वस्तू काय, अंदाजे किंमत किती, देणारा कोण, नात्यानं काय लागतो. खाली दोघांच्या सह्या. भेट न मागता दिलेली हवी, हे कायद्यातच आहे. मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांपुढे मागण्यांची यादी ठेवली, तर तिला वेबसाइटवर कितीही छान चौकट केली तरी ती मागणीच. मी हे बोलले तेव्हा काकू पहिल्यांदा हळकुंडं बाजूला ठेवून उभ्या राहिल्या. "म्हणजे माझी वही सरकारमान्य हाय की!"

सह्या तेवढ्या राहिल्यात, म्हटलं.

हे सगळं ठीक, पण खरी अडचण काकूंनी शेवटी काढली. "तू केलीस वेबसाइट, पाठवलीस व्हॉट्सअॅपवर. उघडंल कोण? गेल्या साली इथंच काय झालं, विसरलीस?"

विसरणार कशी. ऑगस्ट २०२५ मधली, आपल्याच हिंगोलीतली गोष्ट. एका सरकारी कर्मचाऱ्याला अनोळखी नंबरवरून लग्नाचं आमंत्रण आलं, ३० ऑगस्टच्या लग्नाला जरूर या म्हणून. खाली पत्रिका असावी तशी फाइल. ती पत्रिका नव्हती, एपीके होती, म्हणजे मोबाइलमध्ये घुसणारं अॅप. तिला हात लावला आणि खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. पोलिसांत गुन्हा दाखल झाला, देशभरच्या पेपरांत हिंगोलीचं नाव आलं. आता ज्या गावात पत्रिकेनंच घात केला, तिथे लोक पत्रिका उघडायला दचकतील यात नवल काय?

म्हणून माझं मत झालं ते असं. प्लॅटफॉर्म सुंदर कोणता, हा प्रश्न ह्यूस्टनच्या पाहुण्यांचा. आपला प्रश्न एवढाच, की सेनगावच्या मामांनी न घाबरता काय उघडावं. पान साधं हवं, मराठीत हवं, काहीही डाउनलोड करायला न लावणारं हवं. गूगल साइट्सवर ते फुकट होतं. घरचा पत्ता आणि दागिन्यांचे फोटो त्यावर नकोत; लग्नाच्या दिवशी घराला कुलूप असतं, हे चोरालाही कळतं. जावयाच्या मित्रांना यादी हवी असेल तर ती त्यांच्यापुरती वेगळी, टेक्सासच्या पत्त्यावर. इकडे आहेर वहीत.

काकूंनी दोन फेरबदल सुचवले. लिंक पाठवायच्या आधी प्रत्येकाला फोन करायचा, आणि जवळच्या घरांत अक्षत घेऊन जायचंच. दोन्ही मान्य झाले. नाही म्हणायची सोय नव्हती.

पत्रिका छापायला गेली आहे. तिच्या तळाला एक ओळ वाढवून घेतली: आम्ही कोणालाही मोबाइलवर फाइल पाठवलेली नाही, आमच्या नावानं आली तर उघडू नका, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. तुमच्याकडे लग्न असेल तर ही ओळ खुशाल उचला.