मटण खाणावळीत पहिलं पाऊल : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

अर्जेंटिनात घरगुती स्टेकघरात जेवायला कसं जावं, काय मागवावं, किती वाजता पोचावं, याचं मार्गदर्शन प्रवासाच्या कुठल्याही पुस्तकात मिळतं. नाशिकहून सिन्नरकडे किंवा दिंडोरीकडे निघाल्यावर पत्र्याच्या शेडमध्ये मटण-भाकरीला कसं बसावं, हे मात्र कोणी लिहून ठेवलेलं नाही. परिणामी दर रविवारी काही सुशिक्षित माणसं तिथे मेनूकार्ड मागतात आणि अख्ख्या शेडचं मनोरंजन करतात. त्यांच्यासाठी हे टिपण.

आधी एक शंका मिटवू. नाशकात अर्जेंटिनाचं खरंखुरं स्टेक का नाही? कारण ते बैलाचं असतं. आपल्या राज्यात गोहत्याबंदी १९७६ च्या कायद्याने होतीच, २०१५ साली अमलात आलेल्या दुरुस्तीने बैल आणि वळूही तिच्यात आले. तेव्हा नाशिककराच्या वाट्याला बोकड आला, आणि त्याबद्दल त्याची काही तक्रार असल्याचं ऐकिवात नाही.

पहिली पायरी म्हणजे वार. सोमवार शंकराचा, आणि त्र्यंबकेश्वर इतकं जवळ असल्यावर तो जरा जास्तच कडक. मंगळवारी देवी, ज्यांची कुलस्वामिनी सप्तशृंगी, त्यांनी विचारूच नये. गुरुवार स्वामी समर्थांचा, दिंडोरीचं केंद्र रस्त्यातच लागतं. शनिवार मारुतीचा. राहिले बुधवार, शुक्रवार आणि रविवार. त्यातून एकादशी, संकष्टी, पितृपक्ष, नवरात्र आणि अख्खा श्रावण वजा करा. एवढी काटछाट झाल्यावर जे दिवस उरतात, त्यांत नाशिककर वर्षाचं मटण बसवतो. त्यामुळे तो घाईत असतो. त्याला रांगेत ‘आधी आम्ही आलो होतो’ असं सांगू नका.

गटारीला नवशिक्याने जाऊच नये. आषाढ अमावास्येला घरात दिव्यांची पूजा असते आणि खाणावळीबाहेर माणसांची रांग. त्या दिवशी भले भले सराईत लोक उभ्याने जेवतात. धुळवड त्या मानाने बरी. नाशकात रंग रंगपंचमीला, रहाडीत, म्हणजे रंगीत पाण्याच्या हौदात, उड्या मारून खेळतात. धुळवडीला वीरांची मिरवणूक निघते, तीही संध्याकाळकडे. म्हणजे दुपार मोकळी, आणि मोकळ्या दुपारचं काय करायचं हे या शहराला शिकवावं लागत नाही.

आता खाणावळ कशी निवडायची. पाटी वाचू नका. सगळ्या पाट्यांवर ‘घरगुती’, ‘चुलीवरचं’ आणि ‘आमची कोठेही शाखा नाही’ असंच असतं. चुलीचा धूर दिसतो का ते बघा, आणि बाहेरच्या गाड्या बघा. एमएच १५ च्या मोटारसायकली जास्त आणि कंपन्यांच्या चकचकीत गाड्या कमी असतील तर उतरा. शाखा नसलेल्या खाणावळीपासून हाकेच्या अंतरावर त्याच आडनावाची दुसरी खाणावळ असेल, तर दचकू नका. भावाभावांत वाटणी झाली की एकाच्या पाटीवर ‘जुनी’ येतं, दुसऱ्याच्या ‘मूळ’. कुठली खरी, हा वाद कोर्टातही मिटत नाही. तुम्ही फक्त एवढंच विचारा की म्हातारी कोणाकडे राहते. म्हातारी ज्याच्याकडे, मसाला त्याच्याकडे.

आत गेल्यावर नाती. गल्ल्यावर बसलेत ते अण्णा, नाना किंवा अप्पा. त्यांना ‘शेठ’ म्हटलं तर चालतं, पण मग हिशोबही शेठसारखाच होतो. वाढणारा मुलगा आठवीत असला तरी त्याला ‘दादा’ म्हणायचं. चुलीपाशी मावशी, आणि तिच्या शेजारी भाकऱ्या थापणारी वहिनी. चुटकी वाजवून कोणालाही बोलवायचं नाही. चुटकी वाजवणाऱ्याला वाढतात सगळं, फक्त सगळ्यात शेवटी. बायकामुलं बरोबर असतील तर न विचारता तुम्हाला पडद्यामागच्या फॅमिली विभागात नेऊन बसवतील. तिथे पंखा बरा असतो, पण चूल दिसत नाही.

चूल दिसणं महत्त्वाचं आहे, आणि इथे अर्जेंटिनाची माणसं आपल्याला लगेच समजतील. तिकडे निखाऱ्यांवरच्या जाळीला आणि त्या जाळीवर चालणाऱ्या हॉटेलालाही पारिशा म्हणतात. रविवारी घरोघरी असादो होतो, दोन-तीन तास मंद आचेवर मांस भाजलं जातं, आणि शेवटी सगळे मिळून भाजणाऱ्यासाठी टाळ्या वाजवतात. ब्युनॉस आयर्समधलं डॉन हुलिओ हे आज जगभर गाजलेलं स्टेकघरही एका कुटुंबाने १९९९ साली सुरू केलेलं. तिथे भिंतींवर रिकाम्या वाइनच्या बाटल्या मांडलेल्या असतात आणि त्यांवर गिऱ्हाइकांच्या सह्या. आपल्याकडे भिंतीवर आजोबांचा हार घातलेला फोटो असतो. मावशीसाठी टाळ्या वाजवायला हरकत नाही, पण ती विचारेल, ‘काय झालं, माशी हाये का?’

मागवण्याची पद्धत. मेनूकार्ड नाही. दादा टेबलाशी येऊन एका दमात म्हणतो, ‘सुक्का-रस्सा-फ्राय-कलेजी-वजडी-मुंडी-खूर, काय देऊ?’ नवशिक्याला यातलं पहिलं आणि शेवटचं ऐकू येतं. घाबरून खूर मागवू नका. ‘थाळी’ म्हणा आणि गप्प बसा. चार-पाच जण असाल तर किलोवर सांगता येतं. मग मटण तुमच्यासाठी वेगळं शिजतं आणि दीड तास लागतो. या दीड तासात सारखं ‘किती वेळ?’ विचारायचं नाही. उत्तर ठरलेलं आहे : ‘झालंच.’

वजडी म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्यांसाठी : पारिशातही जेवण तिथूनच सुरू होतं. आधी बोकडाच्या नाही तर बैलाच्या आतड्यांचे वेटोळे, मग गुर्दे, मग रक्ताचं सॉसेज, आणि हे सगळं ओलांडल्याशिवाय स्टेक येत नाही. तिकडे गिऱ्हाइकाला मांस किती शिजवून हवं, रसदार की मध्यम की पूर्ण, असंही विचारतात. इथे तो प्रश्न विचारू नका. इथे मटण शिजलेलं असतं. ‘थोडं कच्चट ठेवा’ असं मावशीला सांगितलंत तर ती तुमच्या आईची चौकशी करेल.

आधी येतं ते अळणी सूप, वाटीत किंवा कपात. हळद, मीठ, आलं-लसूण आणि मटणाचं पाणी, एवढंच. तोंड पोळतं तरी सगळे पितात. दादा पुन्हा विचारतो, ‘अजून?’ हा सापळा आहे. सूपवर पोट भरलेला माणूस तिसऱ्या भाकरीला गळपटतो आणि शेजारच्या टेबलावरचे त्याच्याकडे सहानुभूतीने बघतात.

मग रस्सा. काळा, वर लाल तर्री. हा रंग बाटलीतून येत नाही. कांदे अख्खेच्या अख्खे निखाऱ्यात भाजतात, साल जळून कोळसा होईपर्यंत. खोबऱ्याची वाटी थेट जाळावर धरतात, तिला तेल सुटून ती पेटते, मग फुंकून विझवतात. त्यात धणे, लवंग, दगडफूल, तेजपान, मिरची, लसूण. लासलगाव इथून तासा-दोन तासांवर, कांद्याला तोटा नाही. तरी तिथला भाव चढला की ताटातला कापलेला कांदा कागदासारखा पातळ होतो, आणि भाव कोसळला की दादा न मागता अख्खा कांदा बुक्कीने फोडून ठेवतो. बाजारभाव बघायला वर्तमानपत्र लागत नाही.

रस्सा पाहिजे तितका, पीस मोजून. खाणावळीचं सगळं अर्थशास्त्र या एका वाक्यात आहे. त्यासाठी दादाच्या मनगटाकडे लक्ष द्या. पळी बादलीत खोल जाते, तुमच्या आशा पल्लवित होतात. वर येताना ती किंचित तिरकी होते, दोन पीस काठाशी येऊन थबकतात आणि सावकाश परत बुडतात. तुमच्या ताटात पडतो तो निव्वळ रस्सा, तर्रीसकट. एक थेंब सांडत नाही. हे कसब पिढीजात आहे. त्याच्या चेहऱ्याकडे बघाल तर तो रस्त्यावरच्या एसटीकडे बघत असतो.

भाकरी हिवाळ्यात बाजरीची, उन्हाळ्यात ज्वारीची मागा. ती फुगलेली येते, वाफ बोटांना चटका देते, आणि नवशिका ती गार व्हायची वाट बघतो. तिथेच तो ओळखू येतो. गार भाकरी कुस्करत नाही, तुटते. गरम असतानाच दोन्ही हातांनी कुस्करा, मधे आळं करा, रस्सा ओतवा, आणि मग उजव्या हाताने आडवा हात मारा. चमचा मागू नका. आहे, पण तो मीठ वाढायला आहे. शेवटी भात येतो. इगतपुरी-घोटीकडचा इंद्रायणी असेल तर पोटात जागा नसतानाही तो घ्यायचा.

नळी हे स्वतंत्र प्रकरण आहे. ती वाट्याला आली तर आजूबाजूला बघू नका, कारण सगळे तुमच्याकडेच बघत असतात. आधी तोंडाला लावून जोरात ओढा. काही येणार नाही. मग उलटी करून ताटाच्या काठावर आपटा, एकदा, दोनदा. स्टीलच्या ताटाचा तो आवाज या शेडमध्ये गैर समजत नाहीत. तिसऱ्या वेळी मगज भातावर पडतो. पडला नाही तर बाजूचा अनोळखी माणूस हात पुढे करून म्हणेल, ‘द्या इकडे, मी काढून देतो.’ द्यायची. परत मिळते, बहुतेक वेळा.

वाइनविषयी दोन शब्द, कारण नाशकात आलेला पाहुणा त्याशिवाय राहत नाही. माल्बेक हे फ्रान्सचं द्राक्ष १८५३ च्या सुमारास अर्जेंटिनात गेलं आणि अँडीजच्या पायथ्याशी, मेंदोसात, असं रुजलं की आता त्याचं माहेर कोणी विचारत नाही. आपल्याकडे सुलाची वायनरी २००० साली गंगापूर धरणाजवळ उभी राहिली आणि पुढे जिल्हाभर द्राक्षांचा दारूशी संबंध उघडपणे जोडला गेला. तेव्हा स्टेकबरोबर माल्बेक, तशी मटणाबरोबर नाशिकची रेड, असा विचार सुचणं स्वाभाविक आहे. तो मनातच ठेवा. एक तर भिंतीवर ‘मद्यपान करून येऊ नये’ लिहिलेलं असतं (करून आलेलेच ते मोठ्याने वाचून दाखवतात). दुसरं, काळ्या रश्श्याच्या दुसऱ्या घोटानंतर जिभेला वाइन आणि पाणी यांतला फरक कळत नाही. माझं मत विचाराल तर ताक घ्या. दाणेदार मीठ आणि जिऱ्याचं. वाइनवाल्यांनी रागावू नये.

एवढ्यात मावशी चुलीपासून उठून येते. ‘भाकरी घ्या की अजून.’ नको म्हणणं हे इथलं सगळ्यात अवघड काम आहे. ‘नको’ ऐकलं जात नाही. ‘पोट भरलं’ ही थट्टा समजतात. ताटावर दोन्ही हात आडवे धरणं हा एकच मान्य उपाय, आणि तोही दुसऱ्या वेळेपासून लागू होतो. काय खायचं ते तुम्ही ठरवलं होतं, असं घरी जाऊन सांगू नका. या शेडमध्ये ते म्हातारीने सकाळी मसाला वाटतानाच ठरवलेलं असतं. अर्जेंटिनातही जाळीपाशी उभा असलेल्यालाच विचारावं लागतं, आणि तोही ऐकून घेत नाही म्हणतात.

बरोबर एखादा शाकाहारी मित्र असणारच. त्याची काळजी करू नका. त्याला शेवभाजी मिळते, लसणाची चटणी मिळते, मावशी त्याच्यावर विशेष लक्ष ठेवते कारण ‘बिचारा काही खातच नाही’, आणि तो सगळ्यांपेक्षा जास्त भाकऱ्या खातो.

हात धुवायला बाहेर नळ. लिंबाची फोड साबणापेक्षा बरी, तरी वास संध्याकाळपर्यंत राहतो.

बिल लिहून येत नाही. अण्णा विचारतात, ‘किती भाकऱ्या?’ ही तुमच्या चारित्र्याची परीक्षा आहे. आकडा त्यांना माहीत असतो. कमी सांगितलात तर ते काही बोलत नाहीत, फक्त गल्ल्यातून मान वर करून दादाकडे बघतात, आणि दादा तिथूनच ओरडतो, ‘सात!’ पैसे क्यूआर कोडवर भरले की गल्ल्यावरचा डबा बाईच्या आवाजात तुमची रक्कम अख्ख्या शेडला ऐकवतो. त्यामुळे टीप त्यात मिसळू नका. ती रोख ठेवा, दादाच्या हातात द्या, आणि अण्णा दुसऱ्या टेबलाचा हिशोब करत असताना द्या. नाही तर ती गल्ल्यात जाते.