जेवढी कडवी जास्त, तेवढ्या तारा कमी

अमेरिकेच्या पूर्व भागातल्या ॲपलाचियन डोंगरांत जी जुनी कथागीतं गातात, त्यांना तिकडे बॅलड म्हणतात. या गीतांतली मुख्य पात्रं सहसा शेवटच्या कडव्यापर्यंत टिकत नाहीत. लॉर्ड रँडल प्रेयसीकडे वाम माशांचं विषारी कालवण जेवून घरी येतो आणि आईला अंथरूण घालायला सांगतो. ती माउली वैद्याला बोलावणं पाठवायचं सोडून कुणासाठी काय ठेवून जातोयस याची सविस्तर चौकशी करते, आणि तोही पोटात विष असताना कडव्यागणिक इस्टेटीची वाटणी सांगत राहतो. लॉर्ड थॉमस लग्नाच्याच दिवशी नव्या नवरीचं मुंडकं उडवतो. तिचा अपराध असा की तिने आधी त्याच्या जुन्या प्रेयसीला भोसकलेलं असतं. बार्बरा ॲलन आजारी प्रियकराच्या उशाशी बोलावल्यावरून येते, हा काही आता जगत नाही असा अभिप्राय देऊन परत जाते, आणि मग स्वतःही मरते. हे शेवटचं गाणं सॅम्युअल पीप्सने २ जानेवारी १६६६ ला ऐकलं आणि त्याला ते इतकं आवडलं की रोजनिशीत नोंद केली. आता हा सगळा रक्तपात आजकाल कशावर वाजवतात, तर मांडीवर आडव्या ठेवलेल्या, बहुधा बदामाच्या आकाराची भोकं पाडलेल्या, हंसाच्या पिसाने छेडायच्या माउंटन डल्सिमरवर. आणि जोडीला बोड सॉल्टरी नावाची एक त्रिकोणी पेटी, गजाने वाजवायची. खून आणि बदाम ही जोडी पाहिल्यावर माणूस हसतो. माझं म्हणणं असं की याहून योग्य जोडी मिळणार नाही, आणि त्याचं कारण या वाद्यांचा गोडवा नसून त्यांना फारसं काही येत नाही हे आहे.

डल्सिमरला काय काय येत नाही ते आधी नीट पाहू. (हातोडीने वाजवायचा हॅमर्ड डल्सिमर वेगळा. तो आपल्या संतूरचा भाऊबंद, याच्याशी त्याचं नावापुरतंच नातं.) जुन्या पद्धतीत तारा तीन. त्यांतल्या एकाच तारेवर डाव्या हातातली छोटी काडी सरकवून चाल काढायची आणि उरलेल्या दोन तारा तशाच झणकारत ठेवायच्या. तारा षड्ज-पंचम-षड्ज अशा लावल्या की त्या दोन तारा अखंड सा-प धरून बसतात, म्हणजे तानपुरा आणि वाजवायचं वाद्य एकाच पेटीत. पडदे बारा सुरांचे नसतात, सातच सुरांचे असतात, आणि अशा मांडणीत मोकळ्या तारेपासून वर गेलं की खमाज थाट निघतो. शुद्ध निषाद हवा असेल तर मिळत नाही. तारा उतरवून-चढवून चालीचा षड्ज तिसऱ्या पडद्यावर न्यायचा, तेव्हा बिलावल हाती लागतो. काफीसाठी पुन्हा खुंट्या पिळायच्या, आसावरीसाठी पुन्हा. या दगदगीला कंटाळून विसाव्या शतकात कारागिरांनी सहाव्या आणि सातव्या पडद्यांच्या मध्ये एक जादा पडदा बसवला. पुढच्या पडद्यांचे क्रमांक बदलायला नकोत म्हणून त्याचं अधिकृत नाव ठेवलं साडेसहावा. साडेतीन मुहूर्त, साडेतीन शहाणे आणि साडेसाती सांभाळणाऱ्या मराठी माणसाला यात काही वावगं वाटणार नाही. तिकडे मात्र सोवळ्यातल्या वादकांना हा अर्धा पडदा म्हणजे धर्मबुडवेपणा वाटतो, आणि त्यांच्या भीतीत तथ्य आहे, कारण साडेसहाव्याच्या मागोमाग दीडावाही आला.

या गरिबीचा आणि गोष्टीचा संबंध काय, ते शोधायला थोडं डोंगराबाहेर जायला हवं. मिलमन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड या अभ्यासकांनी १९३० च्या दशकात युगोस्लाव्हियात बारा-बारा हजार ओळींची वीरकाव्यं नोंदवली. ती गाणाऱ्यांच्या हातात असायची गुस्ले, आणि तिला तार असते सहसा एक. फिनलंडमध्ये ज्या गीतांतून पुढे कालेवाला हे महाकाव्य उभं राहिलं, त्यांच्या सोबतीला वाजणाऱ्या जुन्या कांतेलेला तारा पाच. आपल्या पोवाड्यात अफझलखानाचा कोथळा बाहेर येतो तेव्हा शाहिराच्या मागे डफ, झांज आणि तुणतुणं असतं. तुणतुण्याला तार एक आणि तिच्यावर सूर एक, त्यातही ते वाजवणारा झीलकऱ्याचं काम करून वर जी जी रं करायला मोकळा. यावरून एक नियम मांडावासा वाटतो: कडवी जितकी जास्त, तारा तितक्या कमी. कारणही उघड आहे. कथागीताची चाल चार ओळींची, आणि पहिल्या कडव्याला जी असते तीच पस्तिसाव्यालाही. लग्न ठरतं तेव्हा तीच, मुंडकं उडतं तेव्हाही तीच. चालीला कथानकाची खबरच नसते, आणि त्या बेफिकिरीतच गाण्याची धार असते. गाणारा रडत नाही म्हणून ऐकणाऱ्याला रडायची सोय राहते. सर्वगुणसंपन्न वाद्याला हे सोसत नाही. ते गोष्ट सांगणाऱ्याला मध्येच थांबवून ‘थांबा, मी सांगतो’ म्हणणाऱ्या मेव्हण्यासारखं वागतं. नवरी पडली की व्हायोलिन हुंदका देतं, पियानो खालच्या पट्टीत गडगडतो, आणि पुढच्या कडव्यात थॉमस स्वतःच्या पोटात तलवार खुपसतो तोवर श्रोत्यांचं दुःख खर्चून संपलेलं असतं. डल्सिमरला हुंदका येत नाही. त्याचा सा-प खुनाच्या आधी होता, खुनाच्या वेळी आहे आणि नंतरही राहणार आहे.

यावर पहिली हरकत आयर्लंडहून येईल. तिथल्या दरबारी काव्याला तीसेक तारांच्या हार्पची साथ असायची, मग तुमचा नियम कुठे गेला? पण त्या दरबारात कवी वेगळा, काव्य म्हणणारा वेगळा आणि हार्प वाजवणारा तिसराच. तिघांचा सांभाळ सरदाराकडे. ज्याला दुसरं काहीच काम नाही त्याच्या हातात तीस तारा द्यायला कोणाची हरकत असणार? नियम आहे तो एकट्या माणसाचा, ज्याला अठ्ठावीस कडवी आठवायची आहेत आणि एकोणतिसाव्यात कोण जिवंत आहे हेही लक्षात ठेवायचं आहे.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे, आणि ती इतिहासाची. सेसिल शार्प आणि मॉड कार्पेलेस ही इंग्रज मंडळी १९१६ ते १९१८ या काळात एकूण ४६ आठवडे या डोंगरांत हिंडली आणि १६०० हून जास्त चाली टिपून घेऊन गेली. त्यांना भेटलेले गायक जवळजवळ सगळे विनासाथ गात होते. ना डल्सिमर, ना काही. शिवाय ही गाणी मुख्यतः इंग्लंड-स्कॉटलंडहून आलेली, आणि तिथे असं वाद्य कधी नव्हतंच. डल्सिमर जर्मन वसाहतकऱ्यांच्या शाइटहोल्ट या वाद्याच्या वंशातलं मानतात आणि घडलं डोंगरातच, एकोणिसाव्या शतकात. म्हणजे पोरगी एका देशाची, पोरगा दुसऱ्या देशाचा, आणि लग्न तिसऱ्याच गावी. जमवलं कुणी? केंटकीच्या नॉट काउंटीत एड थॉमस नावाचा कारागीर १८७१ पासून डल्सिमर बनवून गाडीवर विकायचा. त्याच काउंटीत हिंडमन इथे १९०२ मध्ये शहरातून आलेल्या दोन शिक्षिकांनी शाळा काढली, आणि शाळा पाहायला येणाऱ्या शहरी पाहुण्यांना हे वाद्य आणि ही गाणी एकाच दौऱ्यात भेटू लागली. पाहुण्यांनी ती एकत्र समजली. पुढे व्हायपर गावच्या रिची कुटुंबातलं चौदावं अपत्य, जीन रिची, समाजकार्याची पदवी घेऊन न्यूयॉर्कला नोकरीला गेली आणि जाताना डल्सिमर घेऊन गेली. शहराने तिच्या मांडीवर ते पाहिलं आणि जोडी कायमची ठरली. हे सगळं मला मान्य आहे. पण परंपरा नव्हती एवढ्यावरून सोबत चुकीची ठरत नाही. विनासाथ गाणाऱ्याला जे वाद्य सर्वांत कमी अडवतं तेच त्याच्या शेजारी टिकतं, आणि डल्सिमर तर इतकं हळू वाजतं की खोलीत चार माणसं जास्त झाली तर वाद्य वाजतंय हे डोळ्यांनी पाहूनच कळतं. गाण्यावर कुरघोडी करायची त्याची ऐपतच नाही.

बोड सॉल्टरीच्या बाबतीत इतिहासकार याहून निर्दय होतात. हे वाद्य पाहिलं की कुणालाही ते बाराव्या शतकातलं वाटतं. मध्ययुगीन वेशातल्या जत्रांत झगे घालून ते वाजवतातही. मध्ययुगात सॉल्टरी होती, चित्रांतल्या देवदूतांच्या हातात ती दिसते, पण ती बोटांनी किंवा पिसाने छेडायची. गजाने वाजवायच्या सॉल्टरीचं पेटंट जर्मनीत क्लेमेन्स नॉयबर यांना मिळालं १९२५ मध्ये, म्हणजे बालगंधर्व रंगभूमीवर गात होते तेव्हा. दुसऱ्या महायुद्धानंतर वेस्टफालियातले शाळामास्तर वाल्टर मिटमान यांनी आजच्या घाटाची सॉल्टरी लोकप्रिय केली. तेव्हा हे देवदूतांचं नसून शाळकरी पोरांचं वाद्य आहे. त्यातून माझ्या नियमालाही ते गोत्यात आणतं, कारण याला तारा वीसच्या वर. नियम म्हटला की दुरुस्ती आलीच, तर दुरुस्ती अशी की तारा मोजायच्या नाहीत, एका वेळी काय करता येतं ते मोजायचं. सॉल्टरीत एका तारेला एकच सूर. उजव्या कडेला शुद्ध स्वर, डाव्या कडेला हार्मोनियमच्या काळ्या पट्ट्यांचे, आणि दोन खिळ्यांमधल्या बोटभर फटीत राळ लावलेला आखूड गज टेकवायचा. मींड नाही, आंदोलन नाही, गमक नाही. आपल्याकडच्या सारंगीवाल्याच्या हातात दिली तर तो उरलेले सूर कुठे ठेवलेत म्हणून पेटी उलटी करून पाहील. पण गज उचलल्यावरही तार दाबली जात नाही, ती गुणगुणत राहते, आणि मागचा सूर पुढच्या सुरात रेंगाळतो. नुकताच मेलेला माणूस अजून खोलीतच आहे असं वाटायला लावायचं तर एवढं पुरे होतं. वाद्य विसाव्या शतकातलं आणि वय आठशे सांगतं हे खरं. पण कथागीतांच्या जगात वय हा पुरावा धरला, तर लॉर्ड रँडलला पहिल्याच कडव्यात कोर्टात उभं करावं लागेल.

तिसरी हरकत अशी की नुसतं वाद्यावर बॅलड वाजवण्यात अर्थ काय? शब्द काढले तर विष कुणी दिलं ते कसं कळणार? याला उत्तर विद्वानांनी आधीच देऊन ठेवलंय. हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी १८८२ ते १८९८ या काळात ३०५ बॅलड संपादून छापले, एकेकाचे अनेक पाठ देऊन, आणि चाली दिल्या अगदी मोजक्या, त्याही परिशिष्टात. याच सुमारास मुंबईत महापालिका आयुक्त हॅरी ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम पोवाडे जमवून छापत होते. ॲकवर्थ यांनी तर १८९४ मध्ये काही पोवाडे इंग्रजी पद्यात उतरवले. वडाळ्याच्या कुष्ठरोग रुग्णालयाला ज्यांचं नाव आहे तेच हे. चाइल्डच्या गाण्यांच्या चाली बर्ट्रंड ब्रॉन्सन यांनी चार जाड खंडांत छापून पूर्ण करेपर्यंत १९७२ उजाडलं. म्हणजे जवळजवळ पाऊण शतक लोकांनी गाण्यांचा अभ्यास गाणं वगळून केला आणि त्यावर विद्यापीठांनी पदव्या दिल्या. तर वादकांनी काही दिवस शब्द वगळले म्हणून गहजब कशाला? शिवाय ज्याला गोष्ट पाठ आहे तो शब्द मनात म्हणतोच, आणि ज्याला नाही त्याला ती चाल अंगाईची वाटते. त्याची झोप मोडू नये.

उरला प्रश्न एकसुरीपणाचा. तो आरोप मी खोडत नाही, उलट साक्षीला एक बॅलडच बोलावतो. चाइल्डच्या यादीत दहाव्या क्रमांकावर दोन बहिणींची गोष्ट आहे. थोरली धाकटीला पाण्यात ढकलते. जुन्या पाठांत तिचं प्रेत वादकाच्या हाती लागतं. तो तिच्या छातीच्या हाडांचा हार्प करतो, केसांच्या तारा लावतो आणि बापाच्या वाड्यात नेऊन ठेवतो. हार्प आपणहून वाजतो, एकच गाणं वाजवतो आणि त्यात खुनी कोण ते सांगतो. कथागीतांनी स्वतःसाठी वाद्य कल्पिलं ते हे: खुंट्या पिळायला नकोत, आलापी नाही, फर्माईश नाही, गोष्ट सांगितली की काम संपलं. यात वादकालाही काही काम उरत नाही, ते त्याने मनाला लावून घेऊ नये. अमेरिकेत आल्यावर बऱ्याच पाठांतून तो हार्प गळाला आणि कोडं सोडवायला कुणी न उरल्यामुळे फाशी झाली गिरणीवाल्याला. मेलेल्या पोरीच्या अंगठ्या त्याने काढून घेतल्या होत्या, हे खरं. पण एक धड एकसुरी वाद्य घरात असतं तर थोरलीही सुटली नसती.