मर्यादित तोट्याचा धंदा

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खांची लक्षणं सांगितली आहेत. पहिला समास साध्या मूर्खांसाठी, दहावा पढतमूर्खांसाठी. इतकी कसून तपासणी करूनही एक जात त्यांच्या नजरेतून सुटली. त्यात समर्थांचा दोष नाही, त्या काळी झेरॉक्स मशीन नव्हतं. चार-पाच वर्षं चित्रकला शिकून, पदविका हातात पडल्यावर, ऐन अर्ज करायच्या वयात जो स्वतःच्या चित्रांच्या आठ-बारा पानी पुस्तिका काढतो, स्वतःच दुमडतो, लागल्याच तर पिनाही स्वतःच मारतो आणि वीस-तीस रुपयांना विकायला बसतो, तो या जातीचा. पुस्तिकेला ही मंडळी झीन म्हणतात. घरचे रद्दी म्हणतात. प्रस्तुत लेख या मूर्खांच्या गौरवार्थ आहे.

शहाण्यांसाठी कोल्हापुरात मार्ग भरपूर आहेत, हे आधी मान्य केलं पाहिजे. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट द्यायच्या, म्हणजे दहावीला वाढीव गुण मिळतात. चित्रकलेचा समाजाला होणारा हा पहिला आणि बहुतेक पालकांच्या मते शेवटचा उपयोग. तरीही कोणी हट्टाने पुढे जाऊन कलानिकेतन किंवा दळवीज आर्ट्समधून बाहेर पडलाच, तर त्याने कलाशिक्षकाच्या जागेची वाट बघावी. वाट बघता बघता गणपतीच्या हंगामात कुंभार गल्लीत मूर्तींचे डोळे रेखावेत, लग्नसराईत अल्बम जुळवावेत आणि उरलेलं वर्ष फ्लेक्स करावेत.

फ्लेक्स हे तर आमच्या शहराचं खरं कलादालन. रीतसर प्रदर्शन भरवायचं तर दालनाचं भाडं, फ्रेमा, उद्घाटक, उद्घाटकाची शाल, चहा. आणि बघायला येणार मित्र आणि मित्रांचे मित्र. उलट दहा बाय वीसचा फ्लेक्स चौकात चढला की सिग्नलला थांबलेली सगळी जनता प्रेक्षक. मध्ये हात जोडलेला एक भव्य चेहरा, खाली शुभेच्छुकांचे पंचवीस-तीस लहान चेहरे, कोपऱ्यात एक वाघ. कोणाचा चेहरा कोणापेक्षा केवढा मोठा, हे ठरवायला शरीरशास्त्राचा अभ्यास पुरत नाही, राज्यशास्त्राचा लागतो. चित्रकाराचं नाव कुठे नसतं, त्यामुळे टीकेची भीती नाही. पैसे मिळतात, आणि उधारी राहिली तरी ती मोठ्या माणसाकडे राहते, हाही एक मान आहे.

इतकं सगळं समोर असताना आमचा मूर्ख काय करतो? एक ए-फोर कागद घेतो. तो तीनदा दुमडतो, की आठ चौकोन पडतात. मग कागद उघडून, अर्ध्यात घडी घालून, मधल्या रेषेवर फक्त दोन चौकोनांएवढी चीर देतो. आता कागद आडवा मिटायचा, दोन्ही टोकं आत ढकलायची, आणि हातात तळहाताएवढी आठ पानांची पुस्तिका येते. पीन नाही, शिलाई नाही, बाइंडर नाही. यातली खरी गंमत चित्रं काढतानाची. वरच्या ओळीतली चारही पानं उलटी काढावी लागतात, नाहीतर दुमडल्यावर अर्धी पुस्तिका वाचायला वाचकाला शीर्षासन करावं लागतं. शहाणा माणूस ही भानगड एकदा ऐकून उठून जातो. मूर्ख मात्र कोऱ्या कागदाची एक नमुना पुस्तिका करून, पानांवर आकडे घालून, ती परत उलगडून बघत बसतो. पदविकेच्या परीक्षेला त्याने इतका अभ्यास केला असता, तर आज तो कुठल्या कुठे असता, असं घरात म्हणतात. कुठे ते अजून कोणी सांगितलेलं नाही.

यानंतरचा टप्पा झेरॉक्सच्या दुकानाचा. कलावंताच्या अहंकाराची तिथे जशी झडती होते, तशी कोणत्याही समीक्षकाकडून होत नाही. आधार कार्डाच्या प्रती, जातपडताळणीचे कागद आणि सातबाऱ्याचे उतारे यांच्या रांगेत एक मुलगी काळ्या शाईने भरलेलं चित्र घेऊन उभी होती. दुकानदाराने कागद वर धरून पाहिला.

"ताई, हे सगळं काळंच केलंय की ओ. टोनर हितंच संपायचा माझा."

"रात्र आहे ती, काका."

"मग दिवसाचं काढायचं की. आनि हे निम्मं उलटं का?"

"दुमडल्यावर सरळ होतंय."

काकांनी तिच्याकडे बघितलं, मग मागच्या माणसाच्या आधार कार्डाकडे बघितलं आणि ‘किती काढू’ एवढंच विचारलं. प्रती निघाल्या त्यात काळ्या भागावर पांढरे पट्टे आले होते. ती म्हणाली, पट्टे छान दिसतात. दोष दिसला की त्याला शैली म्हणायचं, ही या कलेची पहिली पायरी. मोठमोठ्या संस्था तिथवर पोचायला पन्नास वर्षं घेतात.

आता हिशेब. मूर्खांवर आरोप असा की त्यांना व्यवहार कळत नाही. हा अन्याय आहे. कागद, झेरॉक्स आणि कार्डशीटचं रंगीत मुखपृष्ठ असेल तर ते, इतका खर्च धरला, स्वतःची मजुरी धरली नाही, मित्रांना फुकट दिलेल्या प्रती मोजल्या नाहीत, आणि दुसऱ्या झीनवाल्याशी अदलाबदल केलेल्या प्रती विक्रीत दाखवल्या, तर धंदा जवळजवळ फायद्यात येतो. अदलाबदल हा तर त्यांचा मुख्य व्यवहार. मुंबईत बॉम्बे अंडरग्राउंडसारखी मंडळी झीनचे मेळे भरवतात, तिथे टेबलामागचा माणूस टेबलापुढे येऊन दुसऱ्याची पुस्तिका घेतो आणि आपली देतो. संध्याकाळी सगळे तितक्याच पुस्तिका घेऊन घरी जातात, फक्त त्या दुसऱ्यांच्या असतात. तोटा झालाच तर फार तर एक रीमचा, म्हणजे पाचशे कागदांचा. याउलट शहाणे लोक मोबाइलवर फ्यूचर्स-ऑप्शन्स खेळतात. त्यात उतरणाऱ्या दहांपैकी नऊहून अधिक जण तोट्यात जातात, असं सेबीनेच 2024 मध्ये सांगितलं. त्या तोट्याला एका रीमची मर्यादा नाही, आणि शेवटी दाखवायला हातात एक चित्रही राहत नाही.

आणि विषय तरी कसले निवडतात? राष्ट्रपुरुष नाहीत, निसर्गदृश्यं नाहीत, घोडे नाहीत. अलीकडे हाती आलेली एक झीन राजाराम बंधाऱ्यावरच्या पाणीपातळीची. कोल्हापूरकराला जुलै-ऑगस्टमध्ये स्वतःच्या रक्तदाबापेक्षा हा आकडा जास्त पाठ असतो: 39 फूट इशारा, 43 फूट धोका. पहिल्या पानावर एक आजोबा दारात खुर्ची टाकून बसलेत, पान उलटेल तशी पाण्याची रेघ वर सरकते, आजोबा खुर्चीसकट एकेक पायरी चढतात. सातव्या पानावर ते माळ्यावर, मांडीवर रेडिओ. आठव्या पानावर नुसती रेघ आणि वर तरंगणारी एक चप्पल. अक्षर एकही नाही. पूर आला की पंचनामे होतात, अहवाल येतात, पूररेषेचे नकाशे निघतात आणि त्यांवर हरकती मागवल्या जातात. या पोराने तेच काम एका कागदावर उरकलं आणि एकही हरकत आली नाही. सरकारी यंत्रणेला यातून शिकण्यासारखं काही नाही, हे उघड आहे.

या मूर्खपणाला परंपरा नाही, असं कोणी म्हणू नये. कोल्हापूरला कलापूर म्हणतात ते याच वंशावळीच्या जोरावर. आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि कोल्हापुरात परत येऊन कोटितीर्थाच्या काठी चित्रं काढत राहिले. 1922 मध्ये शाहू महाराज गेले तेव्हा या माणसाने दुःखाने आपली कितीतरी चित्रं त्याच तळ्यात सोडून दिली, असं इथे अजून सांगतात. बाबूराव पेंटरांना नाटकांचे पडदे रंगवण्याचं चांगलं काम येत होतं. ते सोडून त्यांनी घरच्या घरी कॅमेरा बनवला आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. एवढ्यावर न थांबता पोस्टरं स्वतः रंगवली आणि 1921-22 च्या सुमारास चित्रपटाची माहिती व छायाचित्रं असलेल्या पुस्तिका प्रेक्षकांत वाटल्या. म्हणजे सचित्र पुस्तिका वाटण्याचा दोष या मातीत शंभर वर्षांपासून आहे.

या वंशावळीतले तिसरे, कोल्हापूरच्याच राजाराम हायस्कुलात शिकलेले कवी अरुण कोलटकर. पुढे ते जे. जे.ला चित्रकला शिकले. 1954 मध्ये त्यांनी दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांच्याबरोबर ‘शब्द’ नावाचं नियतकालिक काढलं, तेही सायक्लोस्टाइल करून. पुढे साठच्या दशकात मराठीत लघुअनियतकालिकांची लाटच आली. ती वेळेवर निघत नसत, पैसे मिळवत नसत, आणि आता त्यांच्यावर पीएच.डी. होते. जाहिरातीच्या धंद्यात बक्षिसं मिळवणाऱ्या कोलटकरांनी कविता मात्र छोट्या प्रकाशनांकडेच ठेवल्या. ‘भिजकी वही’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार जाहीर झाला 2005 मध्ये, त्यांच्या निधनानंतर. मूर्खाचा सत्कार करायला आपण थोडे थांबतो, एवढंच.

हा रोग फक्त आपल्याकडचा नाही, हे ऐकून पालकांना जरा धीर येईल. लंडनमध्ये 1976 साली मार्क पेरी नावाच्या बँकेतल्या कारकुनाने पंक संगीतावर ‘स्निफिन ग्लू’ हे झेरॉक्सचं पत्र काढलं आणि त्यापायी बँक सोडली. बँक! खप वाढायला लागला, मोठ्या पत्रांची नजर पडली, तेव्हा 1977 मध्ये त्याने पत्रच बंद केलं आणि वाचकांना सांगितलं, आता तुमचं तुम्ही काढा. चाललेला धंदा बंद करणारा माणूस मूर्खांतही विरळा.

शहाण्यांनी मात्र आपली भूमिका कमी लेखू नये. मूर्ख मंडळी चित्रं काढतात, पण त्यांचा अभिमान बाळगायचं जिकिरीचं काम शहाणेच करतात. जयंतीला हार घालणं, चौकाला नाव देणं, ‘कलानगरीत आपले स्वागत आहे’ असा फ्लेक्स लावणं, हे काही मूर्खांच्याने झालं नसतं. त्यांना त्यासाठी वेळही नसतो, ते कागद दुमडत असतात. ही कामाची विभागणी शंभर वर्षं सुरळीत चालली आहे. तिच्यात बदल करावा असं कोणत्याही बाजूने सुचवलेलं नाही.

तेव्हा शहाण्या वाचकांना एकच विनंती. रंकाळ्यावर, महाविद्यालयाच्या दारात किंवा एखाद्या प्रदर्शनाच्या कोपऱ्यात चटईवर अशा पुस्तिका मांडलेल्या दिसल्या, तर थांबा. ‘याला स्कोप काय?’ विचारू नका, त्या पोरांना घरी रोज विचारतात. ‘माझ्या मुलीचं एक चित्र काढून दे की’ म्हणू नका. पुस्तिका उघडून बघा, आवडली तर मागच्या पानावर लिहिलेली किंमत द्या. फुकट मागू नका. सुटे नसतील तर क्यूआर कोड असतो, इतका व्यवहार त्या मूर्खांनाही कळतो.