फॉर्मचा टंच

टेनिसपटूचा फॉर्म ओळखायला टेनिस खेळता यावं लागत नाही, हे आबांचं पहिलं कलम. खेळता येत असेल तर फॉर्म ओळखताच येत नाही, हे दुसरं. कारण खेळलेला माणूस दुसऱ्याचा खेळ बघताना स्वतःचा खांदा चोळत बसतो. आबांच्या हाती उभ्या आयुष्यात रॅकेट आलेली नाही. म्हणून आपलं मत निर्भेळ असतं असं ते मानतात, आणि आम्हालाही मानायला लावतात.

आबा विट्याकडचे. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातून माणसं मूस नि चिमटा घेऊन बाहेर पडली आणि देशात जिथं म्हणून सराफकट्टा आहे तिथं जाऊन बसली. जुने दागिने वितळवायचे, तेजाबात घालून भेसळ काढायची, शुद्ध सोन्याची लगड करून द्यायची, हा गलाईचा धंदा. जयपूरच्या जोहरी बाजारामागच्या गल्लीत एक अंधारा जिना आहे. तो चढताना अर्ध्यावरच डोळे चुरचुरायला लागले की समजायचं, आबांचं दुकान आलं.

पूर्वी आबा कसोटीच्या काळ्या दगडावर दागिना घासायचे, रेघेवर तेजाबाचा थेंब सोडायचे, रेघ किती उरली ते एक डोळा मिटून बघायचे आणि टंच सांगायचे. म्हणजे शंभरात सोनं किती. आता यंत्र आलं. दागिना आत ठेवा, झाकण लावा, मिनिटाच्या आत दशांशासकट आकडा. 2021 पासून हॉलमार्क सक्तीचं होऊ लागलं आणि आबांच्या मिटलेल्या डोळ्याला विचारणारं कुणी राहिलं नाही. तो रिकामा डोळा मग टेनिसकडे वळला, असं माझं मत आहे. आबांना ते कबूल नाही. टेनिस आधीचं, असं ते सांगतात, आणि पुरावाही देतात.

1996 चा फेब्रुवारी. इथल्या जय क्लबच्या हिरवळीवर डेव्हिस कपमध्ये भारत विरुद्ध नेदरलंड्स. आबा तेव्हा दुसऱ्याच्या भट्टीवर कामाला होते. एका सराफाची लगड पोचवायला गेले, तर सराफ क्लबवर. क्लबवर गेले, तर सराफ म्हणाला, थांब, हा सेट होऊ दे. आबा लगड बनियनच्या आतल्या खिशात दाबून उभे राहिले आणि समोर लिअँडर पेस. भारताने ती लढत 3-2 अशी जिंकली. "पोराचा टंच मी तिथंच काढला," आबा सांगतात. "त्याच वर्षी ॲटलांटाला ब्राँझ. आणि 98 च्या ऑगस्टमध्ये न्यू हेवनला सॅम्प्रसला 6-3, 6-4. सिमेंटवर! सॅम्प्रसला!" हे ते अशा सुरात सांगतात की जणू सॅम्प्रसने उधारी बुडवली होती आणि पेसने ती वसूल करून आणली.

तर सिमेंट. विम्बल्डनचं गवत जुलैच्या मध्याला आटोपलं की टेनिसवाल्यांचा मुक्काम उत्तर अमेरिकेत हलतो: वॉशिंग्टन, मग टोरांटो-माँट्रियल, मग सिनसिनाटी, आणि शेवटी न्यूयॉर्कची यूएस ओपन. इकडे तेव्हा श्रावण असतो, तीजेची सवारी निघते, मिठाईच्या दुकानांपुढे घेवरच्या चळती लागतात. तिकडची दिवसाची मॅच इथं रात्री साडेआठ-नऊला सुरू होते आणि संध्याकाळची पहाटे साडेचारला. म्हणजे दुकान बंद केल्यापासून उघडेपर्यंत टेनिस. आबांच्या मते देवाने पृथ्वी गोल केली ती याच सोयीसाठी.

हार्ड कोर्टाबद्दल त्यांचं ज्ञान मात्र खरोखर पक्कं आहे. कोर्ट सगळी सारखी दिसली तरी वरच्या रंगात वाळू किती नि कशी कालवली आहे त्यावर चेंडूचा वेग ठरतो. जाडी वाळू जास्त, तर चेंडू अडखळतो, कमी, तर सटकतो. ही गोष्ट आबांना मनापासून पटलेली आहे, कारण खरी किंमत वरच्या चकाकीत नसून आत काय कालवलंय त्यात असते, हे त्यांना धंद्यानेच शिकवलं. तशी यूएस ओपन पूर्वी गवतावर होती, 1975 ते 77 मातीवर झाली आणि 78 पासून सिमेंटवर आली. तिन्हींवर जिंकलेला पुरुष एकच, जिमी कॉनर्स. त्याचं नाव निघालं की आबा हात जोडत नाहीत, पण बसल्या जागी जरा सरळ होतात.

बैठक संध्याकाळी सातला, भट्टी निवल्यावर. आबा गादीवर. समोर बँकेतून निवृत्त झालेले आमचे साहेब, मूळचे सदाशिव पेठेतले. त्यांच्याकडे टक्केवारी असते. कोपऱ्यात पाचूचा व्यापार करणारे शेठजी. त्यांच्याकडे ग्रह असतात. मी ऐकायला. खालून चहा येतो आणि वाद सुरू होतो.

साहेब म्हणणार, "दुसऱ्या सर्व्हिसवर जिंकलेले पॉइंट बघा, मग बोला."

आबा म्हणणार, "साहेब, आकडा मशीन बी देतंय. तुम्ही गड्याच्या तोंडाकडं बघा की. पाणी पिताना बाटलीकडं बघतोय का समोरच्याकडं?"

शेठजी म्हणणार, "झ्वेरेव को एक बार पन्ना पहना दो, साब. तीन फायनल हार चुका है बेचारा."

शेठजींकडे पन्ना विकायलाच असल्यामुळे हा सल्ला कुणी मनावर घेत नाही. झ्वेरेवपर्यंत तो पोचलेला नाही.

2025 च्या हंगामाने मात्र आबांची परीक्षा बघितली. टोरांटोला सिनर आला नाही, अल्काराझ आला नाही, जोकोविच आला नाही. बायकांत सबालेन्का माँट्रियलला आली नाही. दुकानात मालच न आल्यासारखे आबा दोन दिवस घुम्यासारखे बसून होते. मग अठरा वर्षांची व्हिक्टोरिया म्बोको, घरच्याच स्पर्धेत वाइल्ड कार्डावर आलेली, गॉफ, रिबाकिना आणि फायनलला ओसाका अशा एकेकीला घालवून माँट्रियल जिंकली, आणि टोरांटोला बेन शेल्टन. आबांनी दोघांनाही तिथल्या तिथं शंभर नंबरी ठरवलं. "लिहून घ्या साहेब, न्यूयॉर्क ह्या दोघांचं." साहेबांनी खरंच लिहून घेतलं, तारखेसकट, कारण ते बँकेत होते. न्यूयॉर्कला म्बोको पहिल्याच फेरीत क्रेचिकोवाकडून हरली आणि शेल्टन तिसऱ्या फेरीत खांदा धरून बाहेर पडला. साहेबांनी वही उघडली. आबांनी चहा मागवला.

त्याआधी सिनसिनाटीची फायनल झाली. सिनर-अल्काराझ. मध्यरात्र उलटून गेल्यावर ती बघायला आम्ही डोळ्यांना पाणी लावून बसलो, आणि तेवीस मिनिटांत 0-5 वर सिनर आजारपणामुळे खेळ सोडून गेला. आबांनी रात्री साडेबारासाठी म्हणून थर्मास भरून आणला होता, त्याचं झाकणही उघडलं गेलं नव्हतं. "आजारी माणसाचा फॉर्म काढायचा नसतो," एवढंच ते बोलले. हा नियम त्या रात्रीच जन्माला आला.

अनिसिमोवाच्या बाबतीत तर त्यांनी कहर केला. जुलैत विम्बल्डनच्या फायनलला ती श्वियाँतेककडून 6-0, 6-0 अशी हरली होती. एकही गेम नाही. आबांनी तिला तेव्हाच मोडीत काढलं. "पोरगी आता सहा महिने कोर्टाकडं फिरकायची न्हाई." पुढे श्वियाँतेकने सिनसिनाटी जिंकली, तेव्हा आबांनी मिशीवरून हात फिरवला. आणि यूएस ओपनच्या उपांत्यपूर्व फेरीत त्याच दोघी समोरासमोर आल्या आणि अनिसिमोवाने श्वियाँतेकला सरळ दोन सेटमध्ये हरवलं. ती थेट फायनलला गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं मुद्दाम वेळेआधी जाऊन बसलो.

आबा शांत होते. "सोनं तेजाबात टाकल्यावर आधी काळं पडतंय," ते म्हणाले. "ज्याला ठावं न्हाई तो म्हणतो, जळालं."

हे त्यांनी जुलैत का सांगितलं नाही, असं साहेबांनी विचारलं. जुलैत ते तेजाबातच होतं, असं उत्तर आलं.

जोकोविचचं असंच. अडतीस वर्षांचा माणूस. आबांनी त्याला कितीदा निवृत्त केलं याचा हिशेब साहेबांच्या वहीतही मावत नाही. आणि त्या वर्षी तो चारही ग्रँड स्लॅमच्या उपांत्य फेरीत पोचला. आता आबा त्याला न्यारा म्हणतात. सराफाच्या दुकानातला झाडलेला केर म्हणजे न्यारा. दिसतो कचरा, पण गलाईवाले तो पैसे मोजून विकत घेतात आणि धुऊन त्यातून सोनं काढतात. मला विचाराल तर जोकोविचबद्दल त्या वर्षी जगात जेवढं लिहिलं-बोललं गेलं, त्यात हे सगळ्यात नेमकं होतं. पण आबांचं नेमकं वाक्य नेहमी निकालानंतर येतं, ही अडचण आहे.

अल्काराझ न्यूयॉर्कला पहिली मॅच खेळायला उतरला ती सकाळ इथं हरतालिकेची होती. आबांच्या घरी काकूंचा कडक उपास, आबा मोबाइल बरणीला टेकवून बसलेले. पडद्यावर अल्काराझ आला तो डोक्याचा गोटा करून. भावाने केस कापताना मशीन चुकीचं चालवलं आणि मग सगळंच उतरवावं लागलं, ही हकिकत नंतर कळली. काकूंनी एकदा पाहिलं आणि हातातली वाळूची पिंडी तशीच ठेवून विचारलं, "अगं बाई, कोण गेलं ओ त्याच्या घरातलं?"

आबांनी तेवढ्यावर निदान केलं. सुतकातला गडी, मन लागणार नाही, चौथ्या फेरीच्या आत घरी. त्यानंतर अल्काराझने फायनलपर्यंत एकही सेट घालवला नाही.

फायनल पुन्हा सिनर-अल्काराझचीच. रविवार, 7 सप्टेंबर. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती पोचवून सगळ्यांचे घसे बसलेले. आणि त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण. इथल्या वेळेप्रमाणे 9:57 ला स्पर्श, 1:26 ला मोक्ष. फायनल साडेअकराची. काकूंनी दुपारपासून वेध पाळले होते, दुधावर, लोणच्यावर, सगळ्यावर तुळशीपत्र. म्हणजे बैठकीला चहा नाही, फरसाण नाही, पाणीसुद्धा चोरून. त्यात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प मॅचला येणार म्हणून तिथं दारात तपासणीच्या रांगा लागल्या आणि खेळ अर्ध्या तासाहून जास्त लांबला. चंद्र तांब्याच्या घागरीसारखा झालेला, शेठजी गच्चीवर जप करताहेत, साहेब पोटावर हात धरून बसलेत आणि आबा आम्हाला सिनर समजावून सांगताहेत.

"सिनर म्हणजे नव्याण्णव पूर्णांक नऊ. मशिनीतनं काढलेला. अल्काराझ एका गेमला नव्याण्णव, दुसऱ्याला पंच्याहत्तर. लगड कुणाची घ्याल? सिनरची. झालं."

मॅच सुरू झाली तेव्हा बारा वाजून गेले होते. अल्काराझने 6-2, 3-6, 6-1, 6-4 असा निकाल लावला. सिनरची पहिली सर्व्हिस निम्म्या वेळासुद्धा आत पडली नाही, हे साहेबांनी तीनदा सांगितलं. मोक्ष होऊन गेला होता आणि काकूंनी अंघोळ करून पोह्यांचं पातेलं आणून ठेवलं होतं, म्हणून कुणी ऐकलं नाही. मग सिनर पत्रकारांपुढे आला. आपला खेळ फार ओळखीचा झालाय, समोरच्याला सगळं आधी कळतं, आता काही मॅच हराव्या लागल्या तरी चालतील पण बदल करायला हवा, अशा अर्थाचं तो बोलला.

आबांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "मी काय म्हणत हुतो?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. आबा उलटंच म्हणत होते.

"नव्याण्णव पूर्णांक नऊ म्हणालो का न्हाई? आरं, शुद्ध सोन्याचा दागिना हुतोय का? मऊ पडतंय ते. वाकतंय. तांबं घालाय लागतंय थोडं. गड्यात तांबं न्हाई. त्यो आता सोताच्या तोंडानं सांगतोय."

साहेबांनी वही मिटली. कायमची नव्हे, ऑक्टोबरात शांघाय होतं.

सोमवारी सकाळी मी सहज दुकानावर डोकावलो. आबांचे डोळे लाल, तेजाबाने की जागरणाने ते कळायला मार्ग नव्हता. एक बाई जुनी बांगडी घेऊन आल्या होत्या. यंत्रापाशी गर्दी होती, त्यांना घाई होती. "भाईसाहब, आप तो पुराने आदमी हैं," त्या म्हणाल्या, "देखकर ही बता दो ना, कितना होगा." आबांनी बांगडी उजेडात धरली, फिरवली, डोळा मिटला, नखाने टोचून पाहिली. मला वाटलं, आता सांगतील. त्यांनी बांगडी परत बाईंच्या तळहातावर ठेवली.

"अंदाजे से बोलना अपना काम नहीं, बहनजी," आबा म्हणाले. "मशीन पे लगाओ, पर्ची लो." आणि बाई रांगेत जाऊन उभ्या राहायच्या आत माझ्याकडे वळले, "तर बघा, शांघायला अल्काराझ टिकत न्हाई."