इंजिनाची कैफियत

मनुष्यास व्याधी जडली असता आप्तेष्ट निदान वैद्याचे नाव सुचवून थांबतात. परंतु मोटारीच्या इंजिनास ती जडली, की ज्यांनी उभ्या आयुष्यात बॉनेटखाली डोकावून पाहिले नाही असे सद्गृहस्थही निदान आणि चिकित्सा दोन्ही तयार ठेवूनच घरात शिरतात, आणि जुने इंजिन बांधून घ्यावे की दुसरे आणून बसवावे या एकाच प्रश्नावर आळीतील जुनी वैरे मिटून नवी उत्पन्न होतात.

आमची गाडी म्हणजे फियाट अकराशे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली, आणि नाव नोंदविणारा वाट पाहता पाहता आजोबा व्हावा इतक्या प्रतीक्षेनंतर पदरात पडलेली. तिचे इंजिन चार सिलिंडरांचे, १०८९ घनसेंटिमीटरचे. खालचा ब्लॉक बिडाचा आणि वरचे हेड ॲल्युमिनियमचे. उष्णतेने ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, हा सिद्धान्त क्रमिक पुस्तकात मोठा निरुपद्रवी वाटतो. परंतु खंबाटकीच्या घाटात रेडिएटरचा रबरी पाइप फाटून पाणी वाहून गेलेले असता आणि काटा तांबड्या रेघेपलीकडे पोहोचलेला असता, ‘चढ संपला की आपोआप निवेल’ असे म्हणत आमचे मेहुणे गाडी दामटीत राहिले, तेव्हा त्या सिद्धान्तास आपला प्रताप दाखविण्याची संधी मिळाली. मेहुणे हे पत्नीचे थोरले बंधू असल्यामुळे या प्रकरणाची चौकशी तेथेच दफ्तरदाखल झाली.

नाना पेठेतील मिस्त्रींनी डिपस्टिक बाहेर काढून आमच्या नाकापुढे धरली. तिच्या टोकास काळ्या तेलाऐवजी फेसाळ, दुधाळ असा काही पदार्थ लोंबत होता. “पाणी शिरलंय,” एवढेच ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहतो तो वर्तमानपत्राच्या पानांवर आमच्या इंजिनाचे अवयव ओळीने मांडलेले! मिस्त्रींनी हेडवर पोलादी पट्टी उभी ठेवली आणि तिच्याखालच्या फटीतून फीलर गेजचे पाते लीलया आरपार काढून दाखविले. मग आमचे बोट धरून तिसऱ्या सिलिंडरात घातले. “नख अडकतंय ना साहेब? पिस्टन चिकटून घासलाय. आता हाफ इंजिन करून भागायचं नाही. फुल बांधायला लागेल. नाहीतर कुर्ल्याहून दुसरं आणा.”

त्या पसाऱ्याकडे पाहून आम्हांस मिलिंदप्रश्नाचे स्मरण झाले. रथात बसून आलेल्या मिलिंद राजास भिक्षू नागसेनाने विचारले होते की, हे राजा, आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? जू म्हणजे रथ काय? राजाने प्रत्येकास नकार दिला आणि अखेर रथ ही केवळ एक संज्ञा आहे, हे त्यास कबूल करावे लागले. येथेही पिस्टन हे इंजिन नव्हते, क्रँक हे इंजिन नव्हते, आणि कॅमशाफ्ट तर वर्तमानपत्रातील एका उमेदवाराच्या छायाचित्रावर आडवा झोपून कोणतीच जबाबदारी पत्करावयास तयार नव्हता. हे सर्व भाग बदलून उरेल ते आमचेच इंजिन असेल काय, असा प्रश्न आम्ही शेजारच्या सेवानिवृत्त अव्वल कारकुनांपुढे ठेवला, तेव्हा दोन सहस्र वर्षे भिजत पडलेला तो वाद त्यांनी तपकिरीची चिमूट ओढण्याच्या अवधीत निकालात काढला.

“नंबर ज्याच्यावर ठोकला आहे ते इंजिन,” ते म्हणाले. “ब्लॉक राहिला तर सारे राहिले. ब्लॉक गेला की आर. सी. पुस्तकातला इंजिन नंबर खोटा ठरतो. मग अर्ज, खरेदीची पावती, तपासणी, मंजुरी, आणि त्यानंतर फेरफाराची नोंद. तशात ते चोरीच्या गाडीचे निघाले, तर अर्जाऐवजी जबाब लिहून द्याल!”

तरीही मेहुण्यांच्या आग्रहास्तव आम्ही कुर्ल्याच्या भंगार बाजाराची वारी केली. ज्या कुर्ल्यात ही इंजिने जन्मास आली त्याच कुर्ल्यात ती ताडपत्रीखाली एकावर एक निजलेली होती, आणि दुकानदार ज्यावर हात ठेवी ते प्रत्येक एका पारशी गृहस्थाच्या, रविवारखेरीज बाहेर न पडणाऱ्या गाडीतून उतरविलेले असे. इतके पारशी एका वेळी रस्त्यावर आले असते तर मुंबईची वाहतूक बंद पडली असती, ही शंका आम्ही सौजन्याने गिळली. जमिनीवर पडलेले इंजिन सुरू करून पाहता येत नाही, ही या व्यापाराची खरी गोम. दुकानदार क्रँक हाताने अर्धा फेरा फिरवितो, ‘घ्या, मक्खन’ म्हणतो, आणि ग्राहकाने त्यावरून आतील रिंगांचे शील ओळखावयाचे असते.

किंमत मात्र मिस्त्रींच्या आकड्याच्या निम्मी होती, आणि मोह पडला नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु दुसऱ्याचे इंजिन आणले तरी मनाच्या शांतीसाठी ते उघडावे लागणार, रिंगा व ब्रास बदलावे लागणार. म्हणजे निम्मी बचत बसविण्यापूर्वीच वितळणार. आमच्या ब्लॉकला तडा नव्हता आणि बोअर आजवर एकदाही वाढविलेला नव्हता. वीस थाऊ, म्हणजे इंचाचे वीस सहस्रांश, कातून मोठे पिस्टन बसविले तरी पुढे चाळीस आणि साठ थाऊंची शिल्लक होती. तडा असता तर आम्हीही मुकाट्याने कुर्ला गाठले असते. बिडास वेल्डिंग नीट धरत नाही आणि भावनेस तर मुळीच नाही. तात्पर्य, जुन्याचे सारे दुर्गुण आम्हांस तोंडपाठ आणि नव्याची कुंडलीच संशयास्पद, असा हिशेब मांडून आम्ही बांधणीस रुकार दिला.

लेथवाल्याने बोअर मारून दिला, हेडचे फेसिंग झाले, क्रँक घासून आला, आणि पहिले हजार मैल सबुरीने चालविण्याच्या तंबीसह गाडी घरी परतली. सोबत मिस्त्रींनी एक गोणपाटही दिले. त्यात जुने पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, ब्रास असा बराचसा ऐवज होता. यथावकाश भंगारवाला आला. “काय आहे पोत्यात?” त्याने विचारले. “गाडीचं इंजिन,” पत्नी म्हणाली. त्यासरशी वरच्या सज्जातून अव्वल कारकुनांनी हरकत घेतली, “इंजिन नव्हे, वहिनी! इंजिन गाडीत आहे. मी स्वतः चिंधीने पुसून नंबर पुस्तकाशी ताडून पाहिला आहे.” भंगारवाल्याने दोघांचेही ऐकून घेतले, पोते फरशीवर पालथे केले, आणि पिस्टन एका बाजूस व रिंगा दुसऱ्या बाजूस लोटीत तो म्हणाला, “ॲल्युमिनियमचा भाव वेगळा, बिडाचा वेगळा. बाकी तुमचं काय ते ठरवा.”